झाकिंथोसची कासवे आणि तेथील माणसे

भूमध्य समुद्रातील एका बेटावर समुद्रकासवांचे रक्षण कसे झाले, हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत का घ्यावा, असे काही श्रोत्यांच्या मनात आल्यावाचून राहिले नसेल. प्राणिशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे, आणि इतिहासही आम्ही महाविद्यालयात शिकलो नाही. सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, युनियनचे काम आटोपल्यावर जे वाचले तेवढेच. परंतु या कासवांची हकीगत आम्ही जसजशी वाचत गेलो तसतसे आमच्या ध्यानी येऊ लागले की ही मुळी केवळ कासवांची हकीगतच नव्हे. जमीन कोणाची, तिच्यावर बंधन कोण घालतो, त्या बंधनाची किंमत कोणाच्या पदरी पडते आणि रात्री पहारा देणाऱ्या माणसाचा पगार कोण देतो, हे सगळे आमच्या ओळखीचे प्रश्न तेथे वाळूत पुरलेले आहेत.

झाकिंथोस हे बेट ग्रीसच्या पश्चिमेस, आयोनियन समुद्रात आहे. इटालियन लोक त्यास झांटे म्हणत. क्षेत्रफळ सुमारे 400 चौरस किलोमीटर, आणि कायमची वस्ती 40 हजारांच्या आसपास. इतिहासकार हिरोडोटस याने या बेटावरील एका तळ्यातून डांबर काढताना आपण स्वतः पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. बेटाच्या दक्षिणेस लागानास नावाचा जो विस्तीर्ण उपसागर आहे, त्याच्या पश्चिम टोकाशी केरी येथे डांबराचे झरे आहेत. याच उपसागराच्या काठी आपली गोष्ट घडते. सेकानिया, दाफनी, येराकास, कालामाकी, पूर्व लागानास आणि समोरच्या निर्जन बेटुकलीवरचा माराथोनिसी, असे सहा वाळूचे पट्टे येथे आहेत. सहांची लांबी एकत्र केली तरी साडेपाच किलोमीटरच्या आसपास भरते. (माराथोनिसी हे नाव प्रथम वाचले तेव्हा आमचे कान टवकारले, परंतु आमच्या मराठीशी त्याचा काही संबंध नाही. ग्रीक भाषेत तो शब्द बडीशेपेचा. बडीशेपेचे बेट, एवढाच अर्थ.)

या साडेपाच किलोमीटर वाळूत दरवर्षी सरासरीने हजाराहून अधिक घरटी होतात. कासव ज्या जातीचे आहे तिला इंग्रजीत लॉगरहेड म्हणतात, शास्त्रीय नाव कॅरेटा कॅरेटा. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत मादी रात्री वाळूवर चढते, मागच्या पायांनी खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि उजाडण्यापूर्वी समुद्रात परतते. नर जन्मल्यावर एकदा पाण्यात शिरला की पुन्हा जमिनीचे तोंड पाहत नाही. अंडी वाळूच्या उबेने सुमारे दोन महिन्यांत उबतात. वाळू अधिक तापलेली असली तर माद्या अधिक निपजतात, थंड असली तर नर. पिले बहुधा रात्रीच बाहेर पडतात आणि क्षितिजाशी जिकडे उजेड दिसेल तिकडे धावतात. लक्षावधी वर्षे रात्रीचा असा उजेड समुद्राच्या बाजूसच होता. आता तो हॉटेलच्या बाजूस आहे. जी जगतात त्यांना प्रौढ व्हावयास वीस-तीस वर्षे लागतात. मादी दोन-तीन वर्षांनी एकदा, आणि बहुतेक आपण जेथे जन्मलो त्याच परिसरात, अंडी घालावयास येते. तेव्हा एका उन्हाळ्यात माणसाने केलेल्या नुकसानीचा हिशेब एका पिढीनंतर कळतो. राज्यकर्त्यांना हा हिशेब सोयीचा असतो, कारण तोवर मंत्रिमंडळे कितीतरी बदललेली असतात.

आता माणसांकडे वळू. 1484 पासून 1797 पर्यंत हे बेट व्हेनिसच्या सत्तेखाली होते. सरदार घराण्यांची नावे एका सोनेरी वहीत लिहिलेली असत, आणि ज्यांची नावे त्या वहीत नाहीत ते सारे 'पोपोलारी', म्हणजे रयत. 1628 साली या रयतेने लष्करी नोंदणीस आणि कवायतीस नकार देऊन जो उठाव केला तो 1632 पर्यंत चालला. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आगेमागे युरोपातील एका बेटावर सामान्य माणसे सरदारांना 'नाही' म्हणत होती, हे आमच्या पाठ्यपुस्तकात कोठे आढळत नाही; आढळावे असे आम्हांस वाटते. उठाव मोडला गेला. पुढे 1797 मध्ये फ्रेंच आले तेव्हा लोकांनी ती सोनेरी वही भर चौकात जाळली. मग 1815 पासून इंग्रजांचे संरक्षण, आणि 1864 मध्ये ग्रीसशी जोडणी.

या सर्व काळात बेटाचा पैसा एका पिकातून येई. ते पीक म्हणजे बारीक काळे बेदाणे. इंग्रजांच्या पुडिंगात ते पडत, म्हणून त्यांना झांटेचेच नाव पडले. ज्याचे पोट एका पिकावर आणि एका परदेशी बाजारावर अवलंबून असते त्याची अवस्था काय होते हे आमच्या कांदेवाल्यास सांगावयास नको. 1893 साली बेदाण्याचा भाव कोसळला आणि ग्रीसमधून माणसे परदेशी जाऊ लागली. त्यानंतर साठ वर्षांनी, ऑगस्ट 1953 मध्ये, भूकंप आला. काही दिवसांत एकामागून एक धक्के बसले, 12 तारखेचा सर्वांत मोठा. धक्क्यांतून जे वाचले ते शहरात आगीने खाल्ले. व्हेनिसच्या काळापासूनच्या इमारतींपैकी बोटांवर मोजण्याइतक्या शिल्लक उरल्या. पुन्हा माणसे निघाली, अथेन्सला, ऑस्ट्रेलियाला, अमेरिकेला.

हे सर्व इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की, कासवांच्या रक्षणाच्या वादात बेटावरच्या लोकांना जे अडाणी, लोभी म्हणून रंगवले जाते, ते आम्हांस मान्य नाही. ज्यांच्या आजोबांनी बेदाण्याचा भाव बुडताना पाहिला आणि बापाने घर पडताना पाहिले, त्यांच्या दारी 1972 साली विमानतळ झाला आणि ऐंशीच्या दशकात उत्तर युरोपातून विमाने भरभरून पाहुणे येऊ लागले. जन्मभर ज्या वाळूकाठच्या तुकड्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही, त्याला एकाएकी मोल आले. द्राक्षवेलीला वाळू नको असते, परंतु प्रवाशाला वाळूच हवी असते. दुर्दैव एवढेच की कासवालाही नेमकी तीच वाळू हवी असते, आणि प्रवाशाचा व कासवाचा हंगामही एकच, जून ते सप्टेंबर. छत्रीचा लोखंडी दांडा वाळूत खुपसला की खालची अंडी फुटतात. आरामखुर्च्यांच्या रांगा रात्री तशाच राहिल्या की मादी त्यांना अडून मागे फिरते. दिव्यांनी पिले उलट्या दिशेस रस्त्याकडे जातात. वेगाच्या होड्या पाण्यावर श्वास घ्यावयास आलेल्या कासवाची पाठ फोडतात. यांतले बहुतेक काही कोणी द्वेषाने करीत नाही. भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकास गोष्ट वेगळी होती. तेथे पहिल्या महायुद्धानंतर कासवे धरून विलायतेत सूपासाठी पाठविण्याचा धंदाच होता. पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर दोन दशकांत किमान 30,000 कासवे धरली गेली, असा एका अभ्यासकाचा अंदाज आहे. तेथे सुरी होती. झाकिंथोसला सुरी नव्हती, छत्री होती. सुरीवर बंदी घालणे एका कायद्याने साधते. छत्रीचे काम त्याहून कठीण.

1977 साली दिमित्रिस मार्गारितूलिस नावाचे अथेन्सचे गृहस्थ सुटीत या बेटावर आले असता त्यांना वाळूवर कासवांच्या चालीचे माग दिसले. स्थानिक कोळ्यांना हे माहीत नव्हते असे नव्हे. त्यांच्या वाडवडिलांनाही माहीत होते. परंतु जे कोळ्याला ठाऊक असते ते विद्वानाने लिहीपर्यंत जगाला ठाऊक होत नाही, हा सर्व देशांतला रिवाज आहे. मार्गारितूलिस यांनी उन्हाळ्यामागून उन्हाळा घरटी मोजली आणि 1982 मध्ये ती माहिती शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. 1983 साली ग्रीसची समुद्रकासव रक्षण संस्था स्थापन झाली. आर्केलोन या नावाने ती आज ओळखली जाते. आणि 1984 साली राष्ट्राध्यक्षांचा हुकूम निघाला, की घरट्यांच्या किनाऱ्यामागील जमिनीवर बांधकामास निर्बंध.

येथून खरा तंटा सुरू होतो. हुकूम अथेन्सला निघाला आणि लागू झाला दाफनीच्या शेतकऱ्यावर. ज्याची जमीन लागानास गावठाणात होती त्याने त्यापूर्वीच हॉटेल बांधले होते, किंवा पुढेही बांधले. तो कासवाचे चित्र आपल्या पाटीवर लावून गिऱ्हाईक बोलावू लागला. ज्याची जमीन दाफनीला किंवा येराकासला होती त्याच्या हाती कागद आला. भरपाई मिळेल, असे त्यास सांगण्यात आले. 1986 च्या ग्रीक पर्यावरण कायद्यात भरपाईचे तत्त्व मान्यही झाले. परंतु तत्त्व मान्य होणे आणि पैसा हातात पडणे यांच्यामधले अंतर, ज्याने आयुष्यात एकदा तरी थकबाकीसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या आहेत, त्याला समजावून द्यावे लागत नाही. वर्षे गेली. मग दाफनीला परवान्यावाचून टपऱ्या आणि खानावळी उभ्या राहिल्या, किनाऱ्यावर गाड्या उतरू लागल्या, आणि घरटी मोजावयास आलेल्या तरुणांना शिवीगाळ होऊ लागली.

आता कोणी म्हणेल, की तुम्ही कासवाची बाजू घेता की टपरीवाल्याची? आम्ही कासवाची बाजू घेतो, यात आम्हांस काही संशय नाही. कारण दाफनीची वाळू गेली तर ती दुसरीकडून आणता येत नाही, आणि टपरी दुसरीकडे बांधता येते. परंतु ती दुसरीकडे बांधून देणे हे सरकारचे काम होते. ते त्याने केले नाही, आणि पंधरा वर्षे टपरीवाल्यास गुन्हेगार म्हटले. कारखान्यातले विषारी खाते बंद करा, असे आम्ही मागतो तेव्हा त्या खात्यातील माणसांना दुसऱ्या खात्यात घ्या, असेही त्याच अर्जात मागतो. दोन मागण्या वेगळ्या केल्या की मालक एकीला दुसरीविरुद्ध उभे करतो. झाकिंथोसला नेमके हेच घडले. कासव एका बाजूस आणि शेतकरी दुसऱ्या बाजूस असे चित्र उभे राहिले, आणि ज्यांच्या विमानांनी व हॉटेलांनी सगळ्यांत अधिक मिळविले ते चित्रात कोठेच नाहीत.

अथेन्स हलत नाही असे पाहून रक्षणकर्त्यांनी बाहेरून दाब आणला. युरोपातील वन्यजीवांच्या रक्षणासाठी 1979 साली बर्न येथे एक करार झाला होता, आणि ग्रीसची त्यावर सही होती. त्या कराराच्या स्थायी समितीने 1986 मध्ये लागानासचे प्रकरण हाती घेतले आणि 1987 मध्ये ग्रीसला स्वतंत्र शिफारस केली. त्यानंतर पाण्यावरची वाहतूक बंधनात आली. उपसागराचे तीन भाग पाडले गेले: एकात होडीला मज्जाव, दुसऱ्यात सहा नॉटपेक्षा वेग नको आणि नांगर टाकावयाचा नाही, तिसऱ्यात तोच वेग परंतु नांगराची मोकळीक. सहा नॉट म्हणजे ताशी अकरा किलोमीटर, सायकलस्वार निवांत जातो तेवढा. 1994 साली जागतिक वन्यजीव निधीच्या ग्रीक शाखेने सेकानियाच्या किनाऱ्यामागची जमीन विकतच घेतली. सेकानियाची वाळू सहाशे-साडेसहाशे मीटरच, परंतु घरट्यांची अशी दाटी जगात फार थोड्या ठिकाणी आहे. खरेदी हा एक मार्ग झाला, आणि सेकानियापुरता तो यशस्वी ठरला हे कबूल केले पाहिजे. तेथे सामान्य प्रवाशास प्रवेश नाही. तथापि सबंध समुद्रकिनारा विकत घेण्याइतका पैसा कोणत्याही धर्मादाय संस्थेजवळ नसतो, आणि असला तरी किनारा असा विकला जावा की काय, हा प्रश्न उरतोच.

शेवटी 22 डिसेंबर 1999 रोजी राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने झाकिंथोसचे राष्ट्रीय सागरी उद्यान स्थापन झाले. त्याच्यासाठी स्वतंत्र व्यवस्थापक मंडळ नेमले गेले. ग्रीसमध्ये अशा तऱ्हेचे ते पहिले. कागदावर सर्व काही होते: सीमा, विभाग, नियम, आरामखुर्च्यांची मर्यादा, सूर्यास्तानंतर किनारे बंद. रखवालदारही नेमले गेले. आणि पहिल्या पाच-सहा वर्षांतच अशी वेळ आली की सरकारकडून पैसे न आल्याने रखवालदारांचे पगार थकले आणि उद्यानाचे कामकाज ठप्प झाले.

येथे आम्ही क्षणभर थांबतो. आमच्या तीस वर्षांच्या कामात कंत्राटी पहारेकऱ्यांचे कितीतरी मोर्चे आम्ही नेले. एका ठिकाणी तर ज्या पाण्याच्या टाकीवर सबंध शहर अवलंबून, तिच्या पहारेकऱ्यांना सात महिने पगार नव्हता, आणि साहेब आम्हांस म्हणाले, 'टाकी तर सुरक्षित आहे ना?' टाकी सुरक्षित होती, कारण ती माणसे उधारीवर जेवून पहारा देत होती. झाकिंथोसच्या रखवालदारांची बातमी वाचली तेव्हा आम्हांस त्या माणसांची आठवण झाली. राष्ट्रीय उद्यान म्हणजे काही नकाशावरची हिरवी रेघ नव्हे. रात्री अकरा वाजता बॅटरी घेऊन, परदेशी मद्यपी टोळक्याला 'येथून चला' असे सांगणारा एक मनुष्य म्हणजे राष्ट्रीय उद्यान. त्याला पगार नसला तर उद्यान नाही, मग हुकुमावर कोणाचीही सही असो.

पहारा ढिला राहिला की काय होते ते न्यायालयापुढे आले. युरोपीय समुदायाच्या न्यायालयाने 30 जानेवारी 2002 रोजी ग्रीसविरुद्ध निकाल दिला. घरट्यांच्या वाळूवर मोपेड चालतात, येराकास व दाफनीच्या पाण्यात पायटी होड्या आणि लहान बोटी फिरतात, दाफनीला बेकायदा बांधकामे उभी आहेत. म्हणजेच प्राण्याच्या प्रजननात मुद्दाम व्यत्यय येऊ देऊ नये, हे 1992 च्या अधिवास निर्देशातले कर्तव्य ग्रीसने पाळले नाही. या निकालातला एक मुद्दा आम्हांस फार मोलाचा वाटतो. पंधरा वर्षांत घरट्यांची संख्या घटलेली दिसत नाही, ही गोष्टही न्यायालयापुढे होती. परंतु तेवढ्याने दोष नाहीसा होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ज्याने कधी सुरक्षिततेच्या प्रश्नावर वाटाघाटी केल्या आहेत तो हे लगेच ओळखील. 'अजून कोणी मेलेले नाही' हे उत्तर आम्ही किती टेबलांसमोर ऐकले असेल! आणि जो प्राणी वीस-तीस वर्षांनी प्रौढ होतो त्याच्या बाबतीत तर पंधरा वर्षांचा आकडा म्हणजे अर्ध्या वाटेवरचाच.

निकालानंतरही सर्व सुरळीत झाले असे नाही. दाफनीची बांधकामे वर्षानुवर्षे उभीच राहिली. 17 जुलै 2014 रोजी त्याच न्यायालयाने ग्रीसला पुन्हा दोषी धरले. या वेळी कारण होते बेटाच्या कचऱ्याचा डेपो, जो उद्यानाच्या हद्दीतच होता. उन्हाळ्यात लाखो पाहुणे येणार, त्यांचा कचरा कोठेतरी जाणार, आणि तो 'कोठेतरी' म्हणजे जेथे कोणास बांधकाम करता येत नाही असा मोकळा डोंगर. ही रीत आपल्याकडच्या शहरांनाही परिचयाची आहे. 2020 च्या कायद्याने तर स्थानिक व्यवस्थापक मंडळे मोडून सर्व रक्षित क्षेत्रे एका मध्यवर्ती संस्थेच्या हाती देण्यात आली. हे बरे की वाईट याविषयी ग्रीसमध्ये मतभेद आहेत. कारभार दूर गेला की त्याला जाब विचारणेही दूर जाते, असा आमचा अनुभव.

स्वयंसेवकांविषयी दोन शब्द न बोलता पुढे जाणे अन्यायाचे होईल. 1983 पासून दर उन्हाळ्यात देशोदेशीचे तरुण स्वतःच्या खर्चाने येतात, तंबूत राहतात, पहाटे वाळूवर चालून माग मोजतात, घरट्यांभोवती काठ्यांचे कुंपण घालतात, प्रवाशांना समजावतात. या मुलामुलींविषयी आम्हांस नितांत आदर आहे. तरीही जे काम सरकारने पगार देऊन करावयाचे ते बिनपगारी हातांवर चाळीस वर्षे चालावे, याचे आम्हांस कौतुक वाटत नाही. स्वयंसेवक सप्टेंबर संपता घरी जातो. त्याच्याविरुद्ध कोणी हात उगारला तर त्याच्यामागे सरकारी शिक्का नसतो. आणि बेटावरच्या तरुणास, जो हिवाळ्यात बेकार बसतो, हे काम आपले आहे, आपल्या पोटाचे आहे, असे त्यामुळे वाटत नाही.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे. तेथे 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचे काम आरंभिले. कासव वेगळ्या जातीचे, किनारा वेगळा, आणि वेळासला झांटेसारखी हॉटेलांची रांगही नाही. तेव्हा तुलना फार ताणू नये. परंतु पिले समुद्रात जाताना पाहावयास येणारे पाहुणे तेथे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, त्यांच्या घरचे जेवतात, आणि तो पैसा गावातल्या चुलीपर्यंत पोहोचतो. झाकिंथोसला कासवाच्या नावाने मिळालेला पैसा दाफनीच्या शेतकऱ्यापर्यंत क्वचितच पोहोचला, हा फरक मात्र डोळ्यांत भरतो.

आजची स्थिती अशी आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गरक्षण संघाने 2015 मध्ये भूमध्य समुद्रातील लॉगरहेड कासवांना तूर्त कमी चिंतेच्या वर्गात घातले, आणि त्याच वेळी बजावले की ही बरी स्थिती सर्वस्वी चालू रक्षणावर अवलंबून आहे. ग्रीसच्या सर्व किनाऱ्यांवर मिळून पूर्वी वर्षाला पाच ते सात हजार घरटी होत. 2023 पासून तो आकडा दहा हजारांवर गेला. लागानासच्या उपसागरात नवी कटकट उभी राहिली आहे ती कासव दाखविणाऱ्या होड्यांची. पाण्यावर एक कासव श्वास घ्यावयास आले की त्याच्याभोवती भाड्याच्या होड्यांचे कडे पडते, आणि प्रत्येक होडीवाल्याने गिऱ्हाइकास कासव दाखविण्याची हमी दिलेली असते. त्या होडीवाल्यांचा हंगाम जेमतेम चार महिन्यांचा, आणि होडीचे कर्ज मात्र बारा महिन्यांचे.

1984 च्या हुकुमाच्या उन्हाळ्यात ज्या माद्या सेकानियाच्या वाळूतून पाण्यात गेल्या, त्यांतल्या जगल्या वाचल्या असतील त्या आता चाळिशी ओलांडून गेल्या आहेत. 1999 साली जन्मलेल्यांच्या पहिल्या परतीचे हे दिवस आहेत. येत्या मे महिन्याच्या अखेरीस त्यांतल्या काही दाफनीच्या किनाऱ्यावर चढतील.